डाल्याखालचा हातोडा

रविवारी बाळाचं पाऊल मातीला टेकवायच्या विधीत गालांग समोर मांडलेल्या वस्तूंतून काय उचलतो यावर ठरणार होतं, की गुरुवारच्या विमानात वुलानच्या मांडीवर तिचं पोर असेल की नुसती पिशवी. असं मोठ्यानं कोणी म्हटलं नव्हतं. तिच्या सासऱ्यानं, म्हाताऱ्या सार्पाननं, शुक्रवारी जेवताना माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवत एवढंच म्हटलं होतं, "त्यानं हातोडा धरला तर तो इथंच वाढेल. दुसरं काही धरलं तर तुमचं तुम्ही बघा." आणि तिचा नवरा हांडोको, बाताम बेटावरच्या जहाजकारखान्यात बारा वर्षं वेल्डिंग करणारा, सदतीस वर्षांचा बाप्या, "बरं, बापाक," म्हणून मोकळा झाला होता. भाजीत मीठ कसं आहे असं विचारलं असतं, तरी त्यानं वडिलांना याच सुरात 'बरं' म्हटलं असतं.

पोर आजीआजोबांकडे ठेवून आईबापानं नोकरीच्या गावी जाणं आमच्याकडे काही नवीन नाही. या गल्लीतल्या निम्म्या घरांत तसंच आहे. म्हणून तर वुलानला नाही म्हणायला जागा सापडत नव्हती. ती सुराबायाची, मोटारसायकलच्या दुकानात गल्ल्यावर बसणारी मुलगी. बाळंतपणासाठी सासरी आली, आणि बातामला कंपनीची खोली मिळेपर्यंत म्हणून राहिली ती जवळजवळ वर्षभर. आता खोली मिळाली होती. नवऱ्याला आणि थोरल्या भावाला आमच्याकडे मास म्हणतात. ती नवऱ्याला म्हणाली, "मास, तुम्ही मला विचारलं का नाही?" हांडोको म्हणाला, "आठ महिन्यांचं पोर आहे. कंगवा उचलेल, पेन उचलेल. हातोडाच कशाला उचलेल? उगाच बापाकशी वाद कोण घालणार."

सार्पानला मात्र हातोड्याबद्दल शंका नव्हती. गावात कांशाचे गाँग, म्हणजे टांगून वाजवायच्या थाळ्या, ठोकून घडवणारे चौदा लोक होते, पण ठोकलेल्या गाँगला सूर लावणारे तिघंच, आणि त्यात सार्पानचं नाव पहिलं. वाद्यांच्या प्रत्येक संचाचा सूर वेगळा. त्याला माप नाही, यंत्र नाही. कानानं ऐकायचं आणि लहान हातोड्यानं ठोकून, कानशीनं घासून तो तिथं आणायचा. हा कान रक्तातून येतो, असं सार्पान मानायचा. बापाकडून त्याला आला होता, आजोबांकडून बापाला. अडचण एवढीच, की त्याच्या रक्ताचा मुलगा एकच, आणि त्या हांडोकोला दोन सुरांतला फरक दाखवायचा तर एक वाजवून आणि दुसरा न वाजवून दाखवावा लागे. त्यावर सार्पाननं तोड काढली होती. कान एक पिढी सोडून उतरतो, असं तो अलीकडे सांगायला लागला होता.

थोरला कास्नो या हिशेबात येत नव्हता. लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल होईना, तेव्हा सार्पान आणि त्याची बायको तुमिना यांनी तुमिनाच्या मावसबहिणीचं तान्हं पोर आणलं होतं. दुसऱ्याचं मूल घरात आणलं की स्वतःचं त्याच्या पाठोपाठ येतं, असं आमच्यात धरतात. त्या मुलाला आम्ही सरळ आमिषाचं पोर म्हणतो, त्याच्या तोंडावरसुद्धा. या घरात आमिष लागायला आणखी सात वर्षं गेली, पण लागलं. कास्नो आता चव्वेचाळीसचा होता. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं, आणि बारा वर्षांचा असल्यापासून तो भट्टीवर होता.

रविवारी सकाळी पाहुणे आठला यायचे होते आणि सार्पानची धाकटी बहीण वारसी साडेसहालाच हजर झाली. घरात सगळे तिला बुलिक म्हणत, म्हणजे आत्या. हातात चहाचा पेला घेऊन ती अंगणात मांडलेल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवत फिरली. सात रंगांच्या चिकट भाताच्या वड्या हव्या होत्या, जांभळी फिकी होती. उसाची शिडी तिरकी होती. कोंबड्या झाकायचं मोठं डालं रंगीत कागदानं मढवून चटईवर ठेवलं होतं, ते मात्र तिला पसंत पडलं. त्यात ठेवायच्या वस्तू तिनं एकेक करून तपासल्या. पेन, कंगवा, सोन्याची अंगठी, वही, मोजपट्टी, आणि सार्पानचा सूर लावायचा छोटा हातोडा.

"हा खुळखुळा कोणी ठेवला?" तिनं विचारलं.

"मी, बुलिक," वुलान म्हणाली.

"खुळखुळ्यावर पोट भरतं का कोणाचं? मोठा होऊन काय, गल्लीत खुळखुळे विकेल?"

"त्याला आवडतो."

"आवडतो म्हणूनच काढायचा. त्याला आवडतं ते नाही बघायचं, न्डुक, पोरी, त्याच्यात काय आहे ते बघायचंय." आणि तिनं खुळखुळा आपल्या पदराच्या गाठीत टाकला. वुलाननं केलेली लबाडी ती एवढीच, आणि तीही अंगाशी आली.

बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं. सात लापान, म्हणजे पस्तीस दिवसांचे सात महिने, ज्या पावलांनी माती पाहिली नव्हती ती आईनं धरून भाताच्या वड्यांवरून चालवली. जांभळ्या वडीत त्याचा अंगठा रुतला आणि तो हसला. शिडीवर तीन पायऱ्यांनंतर त्यानं भोकाड पसरलं. वाळूच्या परातीत तो खूश होता. मग त्याला डाल्याखाली सोडलं आणि सगळे वाकून कामट्यांमधून बघायला लागले.  पेन उचल, वुलान मनात म्हणत होती, काहीही उचल, बाळा.

गालांगनं पेनाकडे बघितलं नाही. अंगठी गुडघ्याखाली आली, ती त्यानं बाजूला केली. तो सरळ रांगत हातोड्याकडे गेला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि तोंडात घातला.

अंगणात एकच गलका झाला. सार्पानचे डोळे भरून आले आणि ते त्यानं कोणापासून लपवले नाहीत. "बघितलंत?" तो ज्याला त्याला सांगत होता. "कोणी शिकवलं त्याला? कोणी सांगितलं?" हांडोको टाळ्या वाजवत होता. वाजवता वाजवता त्याची नजर बायकोकडे गेली आणि हात थांबले.

वुलाननं पोराला उचललं आणि मागच्या बाजूला न्हाणीत नेलं, कारण पुढची अंघोळ फुलांच्या पाण्यानं तिनंच घालायची होती. तिला रडायचं होतं, पण आधी त्याचे हात धुवायला घेतले तर ते सुटेनात. बोटं एकमेकांना चिकटली होती. भाताचं चिकट असेल म्हणून तिनं घासलं. मग नाकाला लावलं. मग जिभेला. माडाचा गूळ होता.

ती ओल्या पोराला काखेत मारून परत अंगणात आली. हातोडा मान देऊन खिडकीच्या कट्ट्यावर लाल फडक्यावर ठेवला होता, आणि भिंतीवरून उतरलेली काळ्या मुंग्यांची रांग त्याच्या दांड्यावर जाऊन पसरली होती. शेजारीच ठेवलेल्या पेनाला, कंगव्याला एकही मुंगी नव्हती.

*

स्वयंपाकघरात तुमिना पाहुण्यांना घरी न्यायला द्यायचे भाताचे डबे भरत होती. सून दारात येऊन उभी राहिली हे तिला पाठमोरी असतानाच कळलं. काय विचारणार तेही कळलं. गेला महिनाभर ती याच प्रश्नाची वाट बघत होती, पण तो समारंभाआधी येईल असं तिला वाटलं होतं.

"सिम्बोक, हातोड्याला मुंग्या लागल्यात."

"कार्याचं घर आहे. मुंग्या असायच्याच."

"पेनाला नाही लागल्या. कंगव्याला नाही लागल्या."

तुमिनानं डब्यात अंडं ठेवलं, त्यावर मिरची ठेवली, झाकण लावलं. मग म्हणाली, "एक लापान. रोज दुपारी, तू झोपलीस की. आधी नुसता बोटभर गूळ दांड्याला. मग थोडा लांब ठेवायचा, मग आणखी लांब. शेवटी खोलीच्या त्या टोकाला ठेवला तरी यायचा. आज बुलिकनं तपासून झाल्यावर लावला."

"तुम्ही त्याला शिकवलंत."

"गोड आवडणं मी नाही शिकवलं. ते घेऊनच येतात सगळी पोरं. फक्त गोड कुठं असतं ते दाखवलं."

"का पण?"

"तू त्याला घेऊन जाशील म्हणून. आणखी का?" तुमिना आता वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, खंतही फारशी नव्हती. "माझ्याच्यानं त्याच्याशिवाय राहवणार नाही, वुलान. तुझं वाईट चिंतलं नाही मी. माझं भलं चिंतलं, एवढंच. तुझ्या सासऱ्यानं अट घातली तेव्हा मी तिथंच होते ना? मला कळलंच, आता हे पोर हातोडाच धरणार. गूळ त्याआधीपासून चालू होता, हातोडा धरला तर ते त्याला सोडणार नाहीत एवढं मला माहीत होतं. देवानंच मनात घातलं असेल."

"देवानं गुळाचा डबा दाखवला?"

"चेष्टा करू नकोस."

वुलान पाटावर बसली. गालांगनं आजीकडे हात केले आणि तुमिनानं लगेच त्याला घेतलं. भांडणातसुद्धा पोर या हातातून त्या हातात आपोआप जात होतं, याचं दोघींनाही काही वाटलं नाही.

"हांडोकोला पण असंच शिकवलं होतंत?" वुलाननं विचारलं.

"त्याला? त्याला मी भट्टीच्या दारात उभं केलं नाही कधी. चौदा वर्षांनी पोटी आलेला. धूर लागेल, ठिणगी उडेल, खोकला होईल. त्याला आत गादीवर ठेवायची, दार लावून. कास्नो राखेत लोळायचा दिवसभर. मी आजारी असायची तेव्हा, मग बापाक त्याला टोपलीत घालून भट्टीतच न्यायचे, बाजूला ठेवून सूर लावत बसायचे. त्याला कुठं गादी..."

ती मध्येच थांबली. वुलान काहीतरी म्हणणार होती.

"बोलू नकोस," तुमिना म्हणाली. "मी काय बोलले ते मला ऐकू आलं."

तुमिनानं पोराला झोळीत बांधलं. मग वुलान उठली.

"सांगणार आहेस त्यांना?" तुमिनानं विचारलं.

"हो."

"मग हातोडा जपून धर. मुंग्या काळ्या असल्या तरी चावतात."

*

पाहुणे डबे घेऊन गेले होते आणि पुढच्या ओसरीवर घरचेच उरले होते. कास्नो भिंतीला टेकून सिगारेट वळत होता. सकाळपासून त्यानं उसाची शिडी धरायचं, डालं उचलायचं आणि खुर्च्या मांडायचं काम केलं होतं, आणि गालांगनं हातोडा धरला तेव्हा त्याला खरोखर बरं वाटलं होतं. भट्टी बंद पडणार नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. आपल्या हातून ती वीस वर्षांनी कोणाच्या हातात जाईल हा विचार त्यानं कधीच केला नव्हता, कारण ती आपल्या हातात आहे असंच त्याला वाटत नव्हतं.

वुलाननं स्टीलच्या ताटलीत हातोडा ठेवून ती सासऱ्यासमोर चटईवर ठेवली. मुंग्या ताटलीभर पळायला लागल्या.

"बापाक, रागावू नका," ती म्हणाली. "दांड्याला गूळ होता. एक महिना होता."

कोणी लावला ते तिनं सांगितलं नाही. सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तुमिना तिथं पोराला झोळीत घेऊन उभी होती आणि तिनं मान खाली घातली नाही.

वारसीला हसू आवरेना. "धन्य आहे, वहिनी. मी हिचा एवढासा खुळखुळा पकडून पदरात बांधला, आणि तू अख्खा हत्ती आत सोडलास."

सार्पान ताटलीकडे बघत राहिला. "गूळ नसता तरी त्यानं तोच धरला असता," तो शेवटी म्हणाला. "रक्त आहे ते."

"मग धुऊन ठेवू," वुलान म्हणाली. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. "डालं अजून अंगणात आहे. आत्ता ठेवू, बापाक. त्यानं परत धरला तर मी एक शब्द बोलणार नाही."

"दोनदा होत नाही हा विधी," वारसी म्हणाली. "आणि होऊन तरी काय उपयोग? दादा, तू विसरलास की विसरल्यासारखं करतोस? या हांडोकोनं हातोडाच धरला होता. सुटत नव्हता हातातून. तू बोकड कापलास, सगळ्या गल्लीला जेवू घातलंस."

"मी?" हांडोको म्हणाला.

"तू, ले. तूच, पोरा."

"मला कोणी कधी सांगितलं नाही."

"पुढं तुझा कान बघितल्यावर कोणत्या तोंडानं सांगणार?"

हांडोको आधी हसला. मग त्याला ते लागलं असावं, कारण तो चटईची काडी सोलायला लागला.

कास्नोला विचारायचं नव्हतं. नंतर त्यानं मला शपथेवर सांगितलं, की टोचायला म्हणून तो बोललाच नाही, त्याला सहज जाणून घ्यायचं होतं. आठ महिन्यांचं कोणालाच आठवत नाही. घरात हांडोकोचा डाल्याजवळचा फोटो होता, आपला हरवला असेल, असं तो धरून चालला होता.

"आणि मी काय धरलं होतं?" त्यानं विचारलं.

वारसीनं चहाच्या पेल्यात बघितलं. पेला रिकामा होता. तुमिना दारातून आत जाणार होती, पण गेली नाही.

"तुझं केलं नाही," सार्पान म्हणाला.

"का?"

म्हातारा खोटं बोलू शकला असता. त्या वर्षी हात आखडता होता, पाऊस होता, काहीही. पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि ऐन वेळी सुचलंही नसावं. "तू आणलेला होतास. तुझ्यात जे असेल ते आमच्याकडून आलेलं नव्हतं. मग बघायचं काय, असं वाटलं."

कास्नोनं मान हलवली. सिगारेट वळून झाली होती, ती त्यानं कानामागं ठेवली. त्याला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि ते कुठं ठेवावं हे न कळून तो ओसरीवरच्या चपला सरळ करायला लागला.

तेव्हा हांडोको बोलला. या घरात तो इतकी वाक्यं एका दमात कधी बोलला नव्हता. "बापाक, मला सूर कळत नाही. पण मला दिसतं. मागच्या सुटीत मी तीन आठवडे इथं होतो. दुपारी नमाज पढून तुम्ही झोपता, तेव्हा मास कास्नो तुम्ही सकाळी लावलेले गाँग पुन्हा उतरवतो. ठोकतो, घासतो, परत टांगतो. रोज."

"हांडोको, गप्प बस," कास्नो म्हणाला.

"का गप्प बसू? मी वेल्डर आहे. दुसऱ्याचा जोड दुरुस्त करणारा माणूस मला ओळखता येतो."

सगळे सार्पानकडे बघायला लागले. वुलानला वाटलं, आता म्हातारा उठेल, ताटली भिरकावेल.

"मला माहीत आहे," सार्पान म्हणाला. "दोन वर्षं झाली. वरचे सूर मला येतच नाहीत आता. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर गाँग लागलेला. गिऱ्हाइकाला सांगतो, कांसं नवं असतं, थंड होता होता आपोआप बसतं. ते मानतात." त्यानं एक मुंगी बोटावर घेतली आणि फुंकून टाकली. "मीसुद्धा मानायचं ठरवलं होतं."

त्याच्या डोळ्यांपुढं भट्टीतली कास्नोची टोपली आली असणार, कारण तो पुढं म्हणाला, "तू फार रडायचास. मी ठोकायला लागलो की गप्प व्हायचास. मला वाटायचं, आवाजाला घाबरतो." आणि मग, तसाच, मान वर न करता, "तुझं केलं असतं, तर काय धरलं असतंस रे?"

कास्नोनं खरोखर विचार केला. तो प्रत्येक प्रश्नाचा खरोखर विचार करतो, म्हणून लोक त्याला मंद समजतात.

"तुम्ही कुठल्या बाजूला बसला असतात, बापाक?"

"मी? डाल्याच्या समोर. बाप समोर बसतो."

"मग तुमच्या बाजूला जे ठेवलेलं असतं ते. कंगवा असता तर कंगवा."

 सार्पाननं हातोड्याकडे बघितलं. मग त्यानं तो उचलला, आपल्या लुंगीला दांडा पुसला, गूळ आणि मुंग्या दोन्ही, आणि कास्नोच्या पुढ्यात ठेवला.

"मालांगच्या गिऱ्हाइकाचा मोठा गाँग उद्या तू लावायचास. सकाळी, माझ्यासमोर. मी झोपायची वाट बघायची नाही."

"बरं, बापाक."

"आणि हांडोको."

"हं?"

"तू कुठं बसतोस?"

हांडोकोला कळलं नाही. वुलानला कळलं. तिनं मांडीखालचे हात बाहेर काढले.

"म्हणजे, बातामला, बापाक. अजून कुठं?"

"मग पोर तिकडंच जाईल," सार्पान म्हणाला.

वुलान उठून दाराशी गेली. गालांग आजीच्या झोळीत झोपला होता, तोंडाच्या कडेला अजून गुळाचा डाग होता. तुमिनानं तो आपल्या पदरानं पुसला. मग झोळीची गाठ सोडली आणि पोर सुनेच्या हातांवर ठेवलं, पण आपले हात तिला लगेच काढून घेता आले नाहीत, आणि वुलाननंही घाई केली नाही.